टेबलाची पलीकडची बाजू

“सर, हिला बोटंच नाहीत.”

इरफान मुल्लानं हे इतक्या सहज म्हटलं की मी हातातलं हजेरीपुस्तक तसंच टाकून उठलो. सातवीच्या वर्गात त्यानं आपलं सामान मांडलं होतं. एक लॅपटॉप, एक कॅमेरा, डोळ्यांना लावायची दुर्बिणीसारखी पेटी, आणि ज्याच्या काचेखाली हिरवा उजेड पेटायचा ते बोटांचं मशीन. आधार कार्डाचं शिबिर आमच्या आंबेखोलच्या शाळेत पहिल्यांदाच आलं होतं. तीन दिवसांचं होतं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. बाहेर व्हरांड्यात सगळं गाव येऊन बसलं होतं, आणि स्टुलावर वैजयंता येसणे, आमची वैजू, चार बोटं काचेवर दाबून बसली होती.

“बोटं नाहीत म्हणजे? ही काय मग?”

“बोटं आहेत हो. पण मशीनला दिसत नाहीत.” त्यानं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. मघाशी तिच्याआधीच्या मुलाच्या बोटांवर भोवऱ्यासारख्या रेघा आल्या होत्या. इथं चार पांढरट डाग होते. “तीनदा घेतलं. लाल दिवाच लागतोय. रेघाच नाहीत.”

मी तिचे हात बघितले. ते मला नवे नव्हते. बोटांची टोकं काळपट तपकिरी, नखांच्या कडा काळ्या. मी सवयीनं बोललो, “वैजू, जा, हात धुऊन ये.”

ती उठली नाही. काचेवरची बोटं उचलून तिनं मांडीवर घेतली आणि खाली बघत म्हणाली, “सर, धुऊन जात न्हाई ते.”

दारात उभी असलेली दोन-चार मुलं हसली. मी त्यांच्याकडं डोळे वटारले. पण खरं सांगायचं तर तिचं ते बोलणं मी उलट उत्तर समजलो होतो.

ही गोष्ट २०१२च्या फेब्रुवारीतली. मी मूळचा मंगळवेढ्याकडचा, ज्वारीच्या मुलखातला. आजरा तालुक्यातल्या या डोंगरातल्या गावात मुख्याध्यापक म्हणून मला तीन वर्षं होत आली होती. नाव मुख्याध्यापक, पण आम्ही दोनच शिक्षक, त्यामुळं घंटाही बऱ्याचदा मीच द्यायचो. मला इथल्या बायकांचं बोलणं कळायलाच सहा महिने लागले. बाई असून “मी जातो, मी करतो” म्हणतात, ऐकायला आधी गंमत वाटायची. पुढं ते इतकं आवडलं की सुट्टीत गावी गेलो की चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं.

शाळेला संगणक मिळून दोन वर्षं झाली होती. गावच्या मुंबईकर मंडळींनी पाठवलेला. जाड पाठीचा मॉनिटर, पिवळट कीबोर्ड, तारेचा माउस. तो एसटीच्या टपावरून आला त्या दिवशी गावानं त्याला ओवाळलं होतं. मला स्वतःला त्यातलं फार येत नव्हतं. गडहिंग्लजला जाऊन रविवारी रविवारी शिकलो आणि सोमवारी तेच मुलांना शिकवलं. एवढी महाग वस्तू, बिघडली तर दुरुस्तीला चाळीस किलोमीटर, म्हणून मी एक नियम केला. भिंतीवर माझ्या हातानं, गेरूनं, सुंदर अक्षरात लिहिला: “हात धुऊनच संगणकास हात लावावा.” दाराशी साबणाची वडी ठेवली. संगणकाच्या तासाला मुलं रांगेत हात पुढं करून उभी राहायची, मी एकेकाचे तळवे बघायचो, पालथे करून नखं बघायचो आणि मग आत सोडायचो. मुलांना ते आवडायचं. “सर, माझं बघा, वास बी येतोय साबनाचा!”

पहिल्या वर्षी वैजूही रांगेत असायची. मी तिला मागं पाठवायचो. ती बोअरवर जायची, साबण लावायची, मग राखेनं घासायची, तांबडे लाल हात घेऊन परत यायची. बोटं तशीच. “अजून घास. चुलीपाशी बसतेस वाटतं नुसती? उद्या बघू.” असं तीन-चारदा झालं. मग ती रांगेत यायची बंद झाली. संगणकाच्या तासाला बाहेरच्या कट्ट्यावर, खिडकीपाशी चढून बसायची. मीही बोलावलं नाही. एखाद्या मुलाला एखादी गोष्ट नाही आवडत, असं मनाशी म्हटलं. गणितात, मराठीत ती वर्गात पहिली असायची. मला तेवढं पुरेसं वाटलं.

तर त्या गुरुवारी मी इरफानला बाजूला घेतलं.

“हिचं होणं गरजेचं आहे रे. आमच्याकडं सातवीपर्यंतच शाळा. तालुक्याला मुलींची निवासी शाळा आहे, तिचा फॉर्म या वर्षीपासून ऑनलाइन झालाय. त्यात आधारचा नंबर मागतात. नाहीतर तुझ्या पावतीवरचा नंबर तरी. मुदत सोमवारची.”

“मला कळतंय सर. पण लाल दिव्यावर मी पुढं ढकललं तर वरनं परत येतं. माझ्या नावावर रिजेक्शन लागतं. मला लागून दोनच महिने झालेत.” बिचारा विशी-बाविशीचा, गडहिंग्लजचा मुलगा, त्याचंही खोटं नव्हतं. “एक करा. रात्री हाताला तेल लावू दे. सकाळी परत बघू. कोरडी बोटं असली की असं होतं.”

“आणि नाही झालं तर?”

“मशीन मग जूनमध्ये येईल. आलं तर.”

वैजू दारात उभी राहून सगळं ऐकत होती. जून म्हटल्यावर ती वळली आणि दप्तर न घेताच निघून गेली.

ते दप्तर द्यायचं निमित्त करून मी शाळा सुटल्यावर येसण्यांच्या घरी गेलो. गावाच्या वरच्या अंगाला, फणसाच्या दोन झाडांमागं त्यांचं घर. तीन वर्षांत मी त्या बाजूला एकदाही चढलो नव्हतो. पालकसभेला वैजूची आई यायची, शेवटच्या ओळीत बसायची, सही करायची आणि जायची. बाप गोव्याला हॉटेलात होता.

अंगणात पोहोचायच्या आधी आवाज आला. कट्, कट्, कट्. थांबून थांबून नव्हे, एका लयीत. मला वाटलं, शिवणयंत्र असावं.

पडवीत दोन लाकडी घोड्या मांडल्या होत्या. प्रत्येकीवर लोखंडी पातं, त्याला हातानं ओढायची दांडी आणि पायानं दाबायचा खटका. एकीवर आकूबाई, वैजूची आई. दुसरीवर वैजू. मधे काजूबियांचं पोतं उलगडलेलं. वैजू डाव्या हातानं बी पात्यात धरायची, पाय दाबायची, दांडी ओढायची, बी उघडायची, खिळ्याएवढ्या सुईनं आतला गर अख्खाच्या अख्खा बाहेर काढायची आणि टोपलीत टाकायची. फुटलेल्या टरफलातून काळसर चीक तिच्या बोटांवरनं ओघळत होता. शेजारी राखेची परात होती, मधूनच ती तिच्यात बोटं बुडवायची. सगळं इतक्या वेगानं चाललं होतं की मी बघतच राहिलो.

आकूबाईचं लक्ष गेलं. “अगोबाई, सर! वैजे, ऊठ. सरास्नी पाट दे. मी च्या ठेवतो.”

वैजू उठली. हात मागं लपवले.

“चहा नको आकूबाई. हे दप्तर राहिलं होतं.” मी घोडीकडं बोट केलं. “हे... हे कधीपासून?”

“काजूचा कारखाना झाला तवापास्नं. दोन वर्सं झाली की. टेंपो येतो, पोती टाकून जातो, वाफवल्याली बी असती. आठ दिसांनी गर न्हेतो.” तिनं पदरानं घोडी पुसून मला बसायला जागा केली. “सगळ्या वरच्या आळीत हाय हे. पर वैजीचा हात बरा. ल्हान बोटाला बी अख्खी निघती, तुकडा पडत न्हाई. माझ्याकडनं मोडती.”

“त्या चिकानं भाजत नाही?”

“भाजतंय की. कातडं निघतंय, नवं येतंय, परत निघतंय.” तिनं आपले दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले. ते गुळगुळीत होते, नदीतल्या गोट्यासारखे. “माझा बी अंगठा न्हाई आला आज. तुमी आत होता तवा येऊन गेलो मी. त्यो पोरगा म्हनला, उद्या या. मी म्हनलं, असूदे, मला कुठं शिकायला जायाचं हाय?”

मी वैजूकडं बघितलं. ती खांबाला टेकून उभी होती.

“आकूबाई, मला हे माहीतच नव्हतं.”

आकूबाईनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

“आमास्नी वाटलं, सरास्नी ठावं हाय. रोज हात तपासता न्हवं तुमी?”

मी खाली मान घालून राखेच्या परातीकडं बघत बसलो. वैजूच मधे बोलली. “आई, सरांच्या गावात काजू नसत्यात. त्यास्नी कसं ठावं असंल?” माझी बाजू घ्यायला तिच्याशिवाय तिथं कोणी नव्हतं.

उठता उठता माझी नजर तिच्या घोडीमागच्या भिंतीवर गेली. शेणानं सारवलेल्या भिंतीवर कोळशानं चौकोन काढले होते. सरळ रांगांत, चांगले चाळीस-पन्नास. सगळ्यांत वर एक लांबलचक पट्टी, तिच्याखाली चौकोनांच्या ओळी. प्रत्येक चौकोनात एक इंग्रजी अक्षर, आकडा किंवा खूण, आणि सगळी डोकं खाली, पाय वर.

“हे काय?”

“काय की,” आकूबाई म्हणाली. “काम करता करता तिकडं बघत असती. मधीच उठून बोटं आपटत्या. मी म्हनतो, अगं भिताड उकलंल.”

मी मास्तर माणूस. मनात आलं ते एवढंच, की पोरीनं अक्षरं उलटी गिरवली आहेत, सवडीनं सुधारून घेतली पाहिजेत.

निघताना आकूबाई पायरीपर्यंत आली. वैजूला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “सर, तेवढं व्हस्टेलचं करा. तितं पोती येत नसत्यात.”

मी चढ उतरून खाली आलो तेव्हा खोलीवर जायच्या ऐवजी शाळेत गेलो. साबणाच्या वडीची बशी उचलली आणि आत कपाटात ठेवली.

शुक्रवारी सकाळी वैजू खोबरेल तेल लावून आली. लाल दिवा. कोमट पाण्यात हात बुडवून बघितले. लाल दिवा. इरफाननं काच पुसली, तिच्या बोटांवर हलकेच आपली बोटं ठेवून दाबलं, “ताई, श्वास सोड,” म्हणाला. जणू श्वासानं रेघा उमटणार होत्या. लाल दिवा.

“काजूचं काम करते का ही?” त्यानं हळूच विचारलं.

“हो.”

“तरीच. काल सात-आठ बायका परत पाठवल्या मी. मला वाटलं, माझं मशीनच बिघडलंय.”

“त्यांना परत पाठवून कसं चालेल इरफान? अशा माणसांसाठी काहीतरी सोय असेलच की. हात नसलेला माणूस आला तर काय करता तुम्ही?”

तो म्हणाला, “सोय आहे. ट्रेनिंगला सांगितली होती. मी ती कधी केली नाही. सुपरवायझरला विचारावं लागंल.”

आमच्याकडं फोनची रेंज शाळेत एकाच जागी यायची, संगणकाच्या खोलीतल्या खिडकीच्या गजापाशी. इरफान त्या कट्ट्यावर चढला, वैजू बसायची त्याच जागी, आणि गजाला कान लावल्यासारखा फोन धरून बोलत राहिला. तीनदा फोन कटला. सुपरवायझर जेवायला गेला होता, मग मीटिंगला गेला. दिवस मावळला. वैजू दिवसभर व्हरांड्यात बसून होती. संध्याकाळी मी म्हटलं, “घरी जा. उद्या परत बघू.”

“आन न्हाई झालं तर?”

मुलांना मी कधी खोटा दिलासा दिलेला नाही. म्हटलं, “नाही झालं तर सोमवारी तुझा हात धरून मी स्वतः त्या शाळेत जाईन. ते काय म्हणतील ते आपण दोघं मिळून ऐकू.”

तिनं मान हलवली. दोन पावलं गेली आणि वळून म्हणाली, “सर, आज मी घोडीवर बसनार न्हाई. आईनंच सांगितलंय. ती म्हनली, दोन दिस तरी बोटास्नी वारा लागू दे.”

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास इरफान कट्ट्यावरून उडी मारून आत आला. “सर, झालं! चार वेळा ट्राय करायचं, मग मशीन पुढं जाऊ देतं. डोळे नीट आले पाहिजेत, दोन्ही हातांचा फोटो लावायचा, आणि शाळेच्या जबाबदार माणसानं कारण लिहून द्यायचं.”

वैजूनं ती दुर्बिणीसारखी पेटी डोळ्यांना लावली. इरफान म्हणाला, “मोठे कर. अजून मोठे. वाघ बघितल्यासारखे!” ती हसली आणि त्याच क्षणी हिरवा दिवा लागला. दोन्ही डोळे पहिल्या फटक्यात आले.

मग तिनं तळहात पुढं करून फोटो दिला. पहिल्या वर्षी रांगेत ती माझ्यापुढं धरायची, अगदी तसेच.

मी कागद घेतला. काय लिहायचं ते रात्रीच ठरवून ठेवलं होतं, पण पेन अडलं. “काजू फोडण्याच्या कामामुळे” असं लिहिलं आणि त्याखालचे शब्द लिहायला वेळ लागला. इरफाननं कागद वाचला.

“सर, शेवटची ओळ लागत नाही यात.”

“राहू दे.”

“‘ही बाब मुख्याध्यापकाच्या दोन वर्षे लक्षात आली नाही.’ हे कशाला?”

“राहू दे म्हटलं ना.”

त्यानं ती ओळ तशीच जाऊ दिली. पावती आली. लांब कागद, वर चौदा आकडी नंबर. वैजूनं तो दोन्ही हातांत धरला, ओल्या फोटोसारखा, कडांना. तिच्यामागं आकूबाई उभी होती आणि आकूबाईच्या मागं वरच्या आळीतल्या बायका. मीच निरोप धाडला होता. इरफान सगळ्यांना वाघ दाखवत राहिला. एक म्हातारी म्हणाली, “अरं बाबा, ह्या वयात वाघ बघून डोळं मोठं हुत न्हाईत. जावई आला म्हन!” सगळा व्हरांडा हसला.

फॉर्म भरायचा राहिला होता. इरफाननं आपला डोंगल आमच्या संगणकाला लावला, लांब वायरनं खिडकीच्या गजाला टांगला. पान उघडलं. मुलं भोवती गोळा झाली. मी खुर्चीत बसलो नाही. म्हटलं, “वैजू, तुझा फॉर्म आहे. तू भर.”

तिनं आपल्या हातांकडं बघितलं. मग भिंतीवरच्या माझ्या सुंदर अक्षरांकडं.

“ये. असेच ये.”

ती पुढं आली. खुर्चीपाशी आली, कीबोर्डकडं बघितलं आणि थांबली. तिच्या कपाळावर आठी पडली. एक बोट पुढं केलं, मागं घेतलं. दुसरं पुढं केलं. ती अक्षर शोधत होती आणि तिला ते सापडत नव्हतं.

“हिला न्हाई येत सर,” एक मुलगा म्हणाला. “ती कुठं बसलीय कधी?”

वैजूनं मान वर केली. मग ती टेबलाला वळसा घालून पलीकडं गेली. टेबल आणि खिडकी यांच्यामधे वीतभर जागा होती, तीत अंग चोरून शिरली आणि तिकडून, मॉनिटरच्या पाठीकडून, कीबोर्डवर वाकली.

“अगं तिकडनं काय दिसतंय?” मुलं हसायला लागली.

तिनं दोन्ही हात पुढं केले आणि तिची बोटं चालायला लागली. चाचपडत नव्हे. त्या पडवीतल्यासारखी, एका लयीत. कट्, कट्, कट्. आणि अलीकडं, आमच्या बाजूला, पडद्यावर एकेक अक्षर उमटत गेलं. व्ही. ए. आय. तिचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. एक चूक नाही.

मुलांचं हसू थांबलं. मी तिच्या घराच्या भिंतीवरची ती लांब पट्टी आठवली. वर काढलेली. आणि डोकं खाली, पाय वर असलेली अक्षरं. ती चुकली नव्हती. तिला जिथून दिसत होतं, तिथून ती तशीच दिसत होती. दोन वर्षं त्या खिडकीतून तिला इतर मुलांची बोटं दिसली होती, उलटा कीबोर्ड दिसला होता आणि मॉनिटरची पाठ दिसली होती.

पलीकडून तिनं विचारलं, “आलं का सर?”

“आलं.”

“समदं बरोबर आलं?”

मी मॉनिटर दोन्ही हातांनी धरला. जड होता. वायरी ताणल्या गेल्या, गजावरचा डोंगल हलला, इरफान ओरडला, “सर, रेंज जाईल!” मी तो फिरवला आणि पडदा तिच्या बाजूला केला.

तिनं पडदा बघितला. बराच वेळ. मग पुढं वाकून काचेवरच्या आपल्या नावाला एक बोट लावलं, आणि चटकन मागं घेऊन फ्रॉकला पुसलं.

“लाव, लाव,” मी म्हटलं. “काही होत नाही.”

फॉर्म तिनं तिकडूनच पुरा केला. नंतरचा महिनाभर ती रोज एक तास येत होती, आणि मी कीबोर्ड उलटा ठेवून, रोज थोडा थोडा फिरवत, तिला अलीकडच्या बाजूला आणलं. भिंतीवरची ओळ मी चुन्यानं पुसली. गेरू पक्का होता, पावसाळ्यापर्यंत पुसट दिसत राहिली.

निवृत्तीनंतर मी मंगळवेढ्याला परतलो नाही. आजऱ्यातच दोन खोल्या घेतल्या. इथल्या भाताची आणि इथल्या बोलण्याची सवय लागली होती. निवृत्त माणसाला दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. आजऱ्यात त्यासाठी चार-पाच केंद्रं आहेत. मी एसटीनं आंबेखोलला जातो.

स्टँडसमोर पत्र्याच्या शेडमधे वैजूचं सेवा केंद्र आहे. परवा गेलो तेव्हा पुढं तीन माणसं होती. तिनं उठून खुर्ची दिली, चहा सांगितला. माझी पाळी आली. मशीन सुरू करायला आधी तिला स्वतःचा अंगठा द्यावा लागतो. निवासी शाळेत गेल्यापासून रेघा परत आल्या होत्या. तिनं तो ठेवला. हिरवा दिवा. मग मशीन माझ्याकडं सरकवलं. मी अंगठा ठेवला. लाल. दुसरा ठेवला. लाल. आयुष्यभर खडू धरलेली आणि सत्तरीकडं निघालेली बोटं. तिसऱ्यांदाही लाल.

वैजूनं माझ्या बोटांकडं बघितलं, चष्मा नाकावर सरकवला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, “सर, हात धुऊन या.”

मी उठायला लागलो. तिला हसू आवरेना. “अहो सर, बसा! चेष्टा केली.” डोळ्यांतलं पाणी पुसत तिनं ती दुर्बिणीसारखी पेटी काढली. आता ती बरीच लहान झाली आहे. “डोळे मोठे करा. वाघ बघितल्यासारखे.”

दाखला झाला. मी जिवंत होतो. बाहेरच्या बाकावरून एक म्हातारी उठून आत आली आणि माझ्या जागी बसली. तेव्हा माझं लक्ष गेलं. टेबलावर दोन पडदे होते. एक वैजूकडं तोंड केलेला. दुसरा समोर बसणाऱ्याकडं. वैजू तिकडून जे टाइप करत होती ते इकडं म्हातारीला सरळ दिसत होतं.

“हा दुसरा कशाला गं?” मी विचारलं. “काम तर एकावर होतं.”

“होतं की.” तिची बोटं थांबली नाहीत. “पण पलीकडं बसलेल्या माणसाला काय दिसतं, ते मला ठाऊक आहे सर.”

म्हातारी पुढं वाकली होती. पडद्यावर उमटणारं आपलं नाव ती एकेक अक्षर लावत वाचत होती. वैजू पुढचं अक्षर दाबायच्या आधी तिच्यासाठी थांबत होती.